कमी पगारात जुनी गाडी घेताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

बडोद्यात आमच्या ओळखीपाळखीत जुनी गाडी घेण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी मोबाईलवर फोटो बघून गाडी आवडते. रविवारी घरातले चौघे जाऊन तिच्यात बसून येतात, मुलगा मागच्या सीटवरून उतरायला तयार नसतो, म्हणून तिथल्या तिथे पाच हजार टोकन दिलं जातं. मग सोमवारी मला फोन येतो, "काका, जरा कागद बघून देता का?" टोकन दिल्यावर कागद बघणं म्हणजे अक्षता पडल्यावर पत्रिका जुळवण्यासारखं आहे.

मी मेकॅनिक नाही. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. पण २०२० मध्ये स्वतःच्या पहिल्या गाडीत हात पोळून घेतले आणि तेव्हापासून लोकांबरोबर गाड्या बघायला जातोय. चुका बहुतेक त्याच असतात आणि क्रम उलटा केल्यामुळेच होतात. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. गाडी प्रत्यक्ष बघणं पाचव्या टप्प्यावर आहे, तोवर घरच्यांना फोटोसुद्धा दाखवू नका.

## १. आधी महिन्याचा हिशेब

"दोन लाखांची गाडी परवडेल का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. दोन लाख एकदाच जातात, गाडी दर महिन्याला खाते. वहीत आधी ते खाणं लिहा.

महिन्याला ५०० किलोमीटर धरू. जुन्या पेट्रोल गाडीचं शहरातलं अॅव्हरेज १६ धरलं तर ३१ लिटर लागतं. लिटरला ९५ रुपये धरले तर साधारण २,९५० रुपये. विमा वर्षाला ६,००० म्हणजे महिन्याला ५००. सर्व्हिसचे तेवढेच. टायर पाच वर्षांनी आणि बॅटरी चार वर्षांनी बदलावी लागते, त्याचे महिन्याला ३३० बाजूला पडले पाहिजेत. अचानक निघणाऱ्या कामाचे किमान ७००. बेरीज जवळजवळ ५,००० रुपये, आणि यात हप्ता नाही. पंपावरचा भाव आणि स्वतःचे किलोमीटर घालून हा हिशेब पुन्हा करा, माझे आकडे उतरवून घेऊ नका.

माझा अंदाज असा की इंधन, देखभाल आणि हप्ता मिळून घरात येणाऱ्या पैशाच्या पाचव्या हिश्शापुढे जाऊ नये. २८,००० उत्पन्न असेल तर ५,६०० रुपये. म्हणजे कर्जाला जागाच नाही, गाडी साठवलेल्या पैशातूनच घ्यायची. ४०,००० उत्पन्न असेल तर ८,००० होतात, त्यातून हप्त्याला ३,००० उरतात. १४ टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी त्यात जेमतेम ८८ हजारांचं कर्ज बसतं. दोन लाखांचं नाही.

इथे फसतात: "फक्त ९ टक्के" हे शब्द ऐकले की विचारा, फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज) की रिड्यूसिंग (फेडून उरलेल्या रकमेवरच व्याज)? २ लाखांवर तीन वर्षांसाठी ९ टक्के फ्लॅट म्हणजे ५४,००० व्याज आणि ७,०५६ रुपयांचा हप्ता. उतरत्या शिलकीवर मोजलं तर तोच दर १६ टक्क्यांच्या पुढे जातो. बँकेचं १४ टक्के रिड्यूसिंग ऐकायला महाग वाटतं, हप्ता मात्र सुमारे ६,८३६ येतो. टक्के बाजूला ठेवा आणि एकच विचारा: एकूण किती परत द्यायचे?

तपासा: ठरलेली रक्कम तीन महिने वेगळ्या खात्यात टाकून बघा. तिसऱ्या महिन्यात त्या खात्याला हात लागला, तर अजून गाडी घ्यायची वेळ आलेली नाही. वर्षातून दोनदा कोल्हापूरला जाण्यापुरतीच गाडी हवी असणाऱ्यांना मी सरळ भाड्याने करा म्हणतो. दोनतीन लोक त्यामुळे अजून माझ्यावर रुसलेले आहेत.

## २. गाडी कशाला आणि उभी कुठे राहणार

हा टप्पा पंधरा मिनिटांचा आहे, पण कुणी करत नाही. रोज गाडीत किती माणसं, आठवड्याला किती किलोमीटर, महामार्गावर किती वेळा, हे लिहून काढा. मग टेप घेऊन खाली उतरा. दांडिया बाजार, बाबाजीपुरा किंवा मांडवीकडच्या पोळींत (जुन्या शहरातल्या चिंचोळ्या गल्ल्यांत) राहत असाल तर गल्लीचा सगळ्यात अरुंद भाग मोजा, समोरच्याची अॅक्टिव्हा उभी असताना. आल्टोची रुंदी १,४९० मिलिमीटर आहे, स्विफ्टची १,७३५. आरसे वेगळे. आमच्या वाड्याच्या दारात या पाव मीटरवर सगळा निकाल लागतो.

गाडी सखल भागात उभी राहणार असेल तर पावसाळ्यात ती कुठे हलवणार, हेही आत्ताच ठरवा.

## ३. कोणती गाडी

लहान, साधी, गिअरची, आणि जिचे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात अशी. व्यवहारात म्हणजे आल्टो, वॅगनआर, सेलेरिओ, सँट्रो, क्विड, टियागो. क्लच न दाबायच्या एएमटी गाड्या चालवायला सुखाच्या असतात, पण जुन्या झाल्यावर त्यांच्या यंत्रणेचं एक काम तुमचा सहा महिन्यांचा राखीव निधी खाऊन टाकतं.

काही गाड्या आश्चर्य वाटावं इतक्या स्वस्त मिळतात, त्यांच्यापासून जपा. शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली. इकडे हालोललाच कारखाना होता, म्हणून त्यांच्या गाड्या आपल्याकडे पुष्कळ दिसतात. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. साणंदला बनणारी नॅनोही बंद झाली. गाड्या वाईट होत्या असं मी म्हणत नाही. पण एका सेन्सरसाठी आठ दिवस गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली तर रोज रिक्षाने कामावर जाण्याची तयारी हवी.

वयाचा विचार असा करा: खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. किमतीला उरलेल्या वर्षांनी भागा. १२ वर्षांची गाडी ९०,००० ला म्हणजे वर्षाला ३०,०००. ७ वर्षांची २ लाख १० हजारांना म्हणजे वर्षाला २६,२५०. स्वस्त कोणती? १५ वर्षांनंतर फिटनेस तपासून नोंदणी ५ वर्षांसाठी वाढवता येते, पण त्या नूतनीकरणाचं शुल्कच ५,००० रुपये आहे आणि फिटनेससाठी करावं लागणारं काम वेगळं.

शक्य असेल तर जुलै २०१९ नंतर बनलेली गाडी बघा. तेव्हापासून चालकाची एअरबॅग प्रत्येक कारला सक्तीची झाली, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) त्याआधी काही महिने. त्यापूर्वी सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये यातलं काहीच नसे.

सीएनजीबद्दल: बडोद्यात सीएनजी सहज मिळतो, म्हणून सगळ्यांना सीएनजीच हवी असते. किलोला ८० रुपये आणि २२ चं अॅव्हरेज धरलं तर ५०० किलोमीटरला १,८२० रुपये लागतात, म्हणजे पेट्रोलपेक्षा महिन्याला साधारण ११०० वाचतात. वरून ५५,००० चा किट बसवला तर तो वसूल व्हायला चार वर्षं लागतात, तोवर गाडी विकायची वेळ येते. कंपनी फिटेड मिळत असेल तरच घ्या, किंवा तुमचं फिरणं महिन्याला हजार किलोमीटरच्या वर असेल तर. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, तारीख सिलिंडरजवळच्या पट्टीवर असते. आरसीमध्ये (नोंदणीच्या दाखल्यात) इंधन फक्त पेट्रोल लिहिलंय आणि डिकीत सिलिंडर आहे, तर ती गाडी सोडा. अपघात झाला की विमा कंपनी पहिलं तेच बघते.

## ४. बघायला जाण्याआधी कागद

विकणाऱ्याकडे फोनवर एकच गोष्ट मागा: गाडीचा नंबर. "आधी बघायला तर या, साहेब" असं उत्तर आलं की मी दुसऱ्या गाडीकडे वळतो.

नंबर सरकारच्या एमपरिवहन अॅपमध्ये टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, तरी बाकी पुष्कळ कळतं: नोंदणीची तारीख, कितवा मालक, इंधन, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, गाडी काळ्या यादीत आहे का. फायनान्सरच्या रकान्यात बँकेचं नाव असेल तर बोजा अजून चढलेला आहे. "लोन कधीच फिटलं" हे खरं असू शकतं, पण बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ देऊन एचपी (आरसीवरची बँकेच्या बोजाची नोंद) काढल्याशिवाय नाव बदलत नाही. ते काम विकणाऱ्याचं, आणि सौद्याआधीचं. ई-चलानच्या सरकारी साइटवर नंबर टाकून थकलेले दंडही बघा.

आता खरी युक्ती. मागच्या तीन वर्षांच्या विमा पॉलिसींचे फोटो मागा. प्रत्येकीत नो क्लेम बोनसचा रकाना असतो. क्लेम न घेतलेल्या वर्षांप्रमाणे तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढत जातो. २०२४ च्या पॉलिसीत ३५ आणि २०२५ च्या पॉलिसीत शून्य असेल, तर मधल्या वर्षात काहीतरी मोठं झालंय. मालक बदलल्यावर किंवा विमा संपून ९० दिवस उलटल्यावरही शून्य होतो, म्हणून लगेच आरोप करू नका, विचारा. पण बडोद्यात २०२४ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ऑगस्टचा शेवटचा आठवडाच येतो. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, आणि पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. समा, अकोटा, फतेगंज, कारेलीबाग भागांत पार्किंगमधल्या गाड्या काचेपर्यंत बुडाल्या. त्या सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत. कित्येक धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या.

महाराष्ट्रातून गाडी आणणाऱ्यांसाठी: पुण्याचा मामा आपली गाडी स्वस्तात द्यायला निघतो, आणि घरातलीच म्हणून कुणी हिशेब करत नाही. एमएच पासिंगची गाडी १२ महिन्यांहून जास्त गुजरातेत ठेवली की इथली नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी फॉर्म २८ भरून तिथल्या आरटीओची एनओसी, मग इथे नव्या नंबरासाठी फॉर्म २७, आणि गुजरातचा कर वेगळा. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण खेपा मामालाच घालाव्या लागतात. हे सगळं धरूनही स्वस्त पडत असेल तर अवश्य आणा. मुंबईच्या गाडीचा तळ मात्र गंजासाठी नीट बघून घ्या.

तपासा: नंबर, आरसी, पॉलिसी, बोजा, दंड. पाचही स्वच्छ असतील तरच पुढे.

## ५. गाडी प्रत्यक्ष बघणे

सकाळी सातला जा, उजेडात. आदल्या रात्री सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. ते गरम लागलं तर कुणीतरी सकाळची अवघड सुरुवात तुमच्यापासून लपवली आहे. बरोबर टॉर्च, जुना पांढरा रुमाल आणि वही घ्या. मुलांना नेऊ नका.

पाण्याची तपासणी सगळ्यात आधी. माझी पहिली गाडी मी २०२० मध्ये घेतली. सीट कव्हर नवीन, मॅट नवीन, आत मोगऱ्याचा इतका वास की बायकोने काच खाली केली. मला वाटलं, माणूस टापटीप आहे. चार महिन्यांनी दिवे आपोआप लागायला लागले, मग पॉवर विंडो बंद पडली. गॅरेजवाल्याने ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरून शेवटपर्यंत ओढला, जिथे तो रोजच्या वापरात कधी येतच नाही तिथपर्यंत. वरचा पट्टा काळाभोर होता. शेवटची वीतभर मात्र चहा सांडून वाळल्यासारखी, आणि तिच्या वर एक सरळ रेघ. नखाने खरवडलं तर पिवळट करडी माती निघाली. "भाऊ, हे ३१ जुलैचं पाणी," तो म्हणाला. २०१९ च्या त्या एका दिवसात बडोद्यात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता. विकणारा गृहस्थ तोवर फोन उचलेनासा झाला होता. वायरिंगवर माझे २३ हजार गेले आणि शेवटी गाडीही.

तेव्हापासून माझा क्रम असा: चारही बेल्ट शेवटपर्यंत ओढायचे आणि रुमालाने पुसायचे. सीट मागे सरकवून खालच्या रुळांवर आणि बोल्टवर गंज बघायचा, तिथे रंग मारायचं कुणाला सुचत नाही. मॅट उचलून गालिच्याखाली हात घालायचा. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात टॉर्च मारायचा. फ्यूज बॉक्स उघडून पितळेवर हिरवट बुरशी आलीय का ते बघायचं. हेडलाइटच्या आत वाळलेल्या पाण्याचे डाग आहेत का? आणि सुगंध जास्त येत असेल तर शंका दुप्पट.

ठोकलेली गाडी ओळखायला बॉनेट उघडा. बिजागरीच्या बोल्टवरचा रंग तुटलेला असेल तर बॉनेट कधीतरी उतरवलं आहे. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का ते बोट फिरवून बघा. सगळ्या काचांवर बारीक अक्षरांत कंपनीची खूण आणि वर्षाचा आकडा असतो. पाच काचा एका वर्षाच्या आणि एक वेगळी, म्हणजे ती फुटली होती. बंपरवरचा ओरखडा सोडून द्या, बडोद्यात कुठल्या गाडीला नसतो? खांब, छप्पर आणि पुढची चौकट यांवर वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर मात्र नमस्कार करून निघा. चासी नंबर आरसीशी जुळवायला विसरू नका.

इंजिन. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) बाहेर काढा. तेल काळं असणं साहजिक आहे, पण ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखा साका असेल तर तेलात पाणी जातंय. गाडी सुरू करून कुणाला तरी मागे उभं करा. सुरुवातीची पांढरी वाफ थंडीत येते आणि जाते. निळसर धूर टिकला तर इंजिन ऑइल खातंय, आणि ते काम कमी पगाराच्या माणसाचं नाही.

किलोमीटर मीटरवर वाचू नका. पायाखालची रबरं, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हरच्या सीटची बसलेली कड बघा. "फक्त ३२ हजार चाललेली" गाडी आणि ब्रेकचं रबर गुळगुळीत, हे जमत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. ३२ हजार चाललेल्या गाडीला दुसऱ्यांदा बदललेले टायर कशाला? कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस झाली असेल तर तिथली नोंद मालकाकडून मागवा.

## ६. चालवून बघणे

गल्लीत एक फेरी म्हणजे चालवून बघणं नव्हे. किमान अर्धा तास, आणि स्टिअरिंग तुमच्या हातात. बडोदा सपाट आहे, इथे घाट नाही, म्हणून चढासाठी गेंडा सर्कलकडून मनीषा चोकडीपर्यंतचा अटल पूल धरा. एसी सुरू ठेवून तिसऱ्या गिअरमध्ये चढवा. इंजिनाचा आवाज वाढतोय पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच संपलाय. रिकाम्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हलकंच धरून ब्रेक मारा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. स्पीड ब्रेकरवरून काच खाली आणि गाणी बंद ठेवून जा. शेवटी गाडी दहा मिनिटं चालू उभी ठेवा. पंखा सुरू होतो का? तापमानाचा काटा चढतो का?

सीएनजी असेल तर अर्धा वेळ पेट्रोलवर चालवा. वर्षानुवर्षं फक्त गॅसवर चाललेल्या गाड्या पेट्रोलवर मिसिंग मारतात, म्हणजे अडखळत चालतात, आणि विकणारा ते तुम्हाला कधीच दाखवणार नाही.

## ७. तुमचा मेकॅनिक, विकणाऱ्याचा नव्हे

इतकं पार पडल्यावरच मेकॅनिकला न्या. पाच-सातशे रुपये द्या, चहावर भागवू नका. फुकट बघणारा माणूस फुकटाचंच मत देतो. त्याला "कशी आहे?" असं विचारू नका, "चांगली आहे" एवढंच उत्तर मिळतं. विचारा, "पुढच्या सहा महिन्यांत यात काय काय करावं लागेल, आणि कितीचं?" गाडी लिफ्टवर चढवून तळ बघायला सांगा आणि स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) लावायला सांगा. स्कॅनरमध्ये सगळे दोष कालच पुसलेले दिसले तर का पुसले ते विचारा.

मेकॅनिक विकणाऱ्याचा मित्र निघाला तर त्या दिवसापुरता दुसरा शोधा.

## ८. भाव आणि इसार

मेकॅनिकने दिलेली यादी हेच तुमचं भाव करायचं साधन. चार टायर १४,०००, बॅटरी ४,५००, क्लच ७,०००, असं कागदावर लिहून विकणाऱ्यासमोर ठेवा. "थोडं कमी करा ना" म्हणण्यापेक्षा २५,५०० रुपयांचा कागद जास्त बोलतो. पूर्ण रक्कम कधी सुटत नाही, निम्मी साधारण सुटते.

डीलरकडून घेत असाल तर जीएसटी किमतीत धरला आहे का ते विचारा. २०२५ पासून डीलरला जुन्या गाडीवरच्या नफ्यावर १८ टक्के भरावे लागतात. नफ्यावर, पूर्ण किमतीवर नाही. तुम्ही एका घरगुती मालकाकडून घेतलीत तर तो प्रश्नच नाही.

टोकन हजार-दोन हजारांच्या वर देऊ नका, आणि देताना व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या: गाडी नंबर, ठरलेली किंमत, कुठल्या तारखेपर्यंत, आणि कागदात काही निघालं तर टोकन परत. समोरच्याने "ठीक आहे" लिहिलं पाहिजे. अंगठा पाठवला तर पुन्हा विचारा.

## ९. पैसे आणि नावबदल

इथे घाई केली तर आधीचे सगळे टप्पे वाया जातात.

पैसे आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच बँक खात्यात. दलालाच्या नाही, मेहुण्याच्या नाही. आरसीवरची व्यक्ती वारली असेल तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने गाडी चढू दे, मग सौदा.

नावबदलाला फॉर्म २९ आणि ३० लागतात. अर्ज परिवहनच्या साइटवर भरायचा, आणि त्याचा ओटीपी गाडीच्या नोंदीत असलेल्या मोबाईलवर जातो. मालकाने तो नंबर पाच वर्षांपूर्वी सोडलेला असतो, हे नेमकं पैसे दिल्यावर कळतं. म्हणून पैसे देण्याआधी त्याच्याच हाताने नंबर अद्ययावत करून घ्या. त्याच राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवायचं. दरजीपुऱ्याच्या आरटीओत जावं लागलं तर मूळ कागद आणि दोन-दोन प्रती घेऊन जा.

विकणाऱ्यांनीही वाचा: सह्या करून कोरे फॉर्म देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक. गाडी चार हात पुढे गेली तरी नोटीस तुमच्या दारात.

गाडी ताब्यात घेताना डिलिव्हरी नोट करा, तारीख आणि वेळ घालून. दुपारी तीनला गाडी घेतली असेल तर सकाळच्या सिग्नलचा दंड त्याचा. मग विमा: १४ दिवसांत कंपनीला कळवून आपल्या नावावर करून घ्या. तोवर थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) चालते, पण तुमच्या गाडीचं नुकसान मिळत नाही. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो, म्हणून हप्त्यात थोडा फरक भरावा लागेल. थर्ड पार्टीचा मूळ हप्ता २०२२ च्या दरपत्रकात १,००० सीसीपर्यंत २,०९४ आणि १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आहे, वर जीएसटी. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी इंजिन प्रोटेक्ट मिळतं का ते विचारावं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सेल मारून इंजिन गेलं, तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही. जुना फास्टॅग त्याच्याकडून बंद करून घ्या.

तपासा: अर्जाची पावती, डिलिव्हरी नोट, विम्याचं पत्र, दुसरी किल्ली. दुसरी किल्ली नसेल तर तिचे पैसे आत्ताच वजा.

## १०. पहिला महिना

इंजिन ऑइल, तेलाचा आणि हवेचा फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल लगेच बदला. "परवाच बदललं" यावर विश्वास ठेवू नका. गाडी एप्रिल २०२३ आधीची असेल तर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने रबरी नळ्या लवकर वाळू शकतात, त्या बघायला सांगा. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील यांतलं पहिल्या तीन महिन्यांत काही नको.

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवा. पहिल्याच दिवशी टाकी काठोकाठ भरा आणि मीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरा आणि भागाकार करा. १६ धरले होते आणि १२ निघाले, तर महिन्याला साधारण हजार रुपये वाढले. वहीचं पहिलं पान काढा आणि पहिल्या टप्प्यातली बेरीज नव्या आकड्याने पुन्हा करा.